दोनशे पंचावन्नच्या पुढे

५ ऑगस्ट, शनिवार

वर्गाचा तिसरा आठवडा. वॉर्ड ऑफिसच्या सभागृहात आम्ही अकरा जण, त्यातले चार या आठवड्यात गळाले. शिकवणारा गालिह सव्वीस वर्षांचा. सगळ्यांना सांगत होता, "आपण जावात जन्मलो, जावात वाढलो, आता संगणकाची जावा यायलाच हवी."

माझ्या शेजारी बसणारे पाक वागियो, म्हणजे वागियोकाका, म्हणाले, "पोरा, सहासष्टाव्या वर्षी जावाचा जावई करून घेतोस काय मला?"

सगळे हसले. ते रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये होते, चौतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर आणि बायको गेल्यावर घर खायला उठतं म्हणून इथे येतात. मी का येते ते उघडच आहे. मालकीण वर्षअखेरीला दुकान बंद करणार आहे. झेरॉक्स काढणं आणि ओळखपत्राचे फोटो छापणं, एवढ्याच कामावर बेचाळिसाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण ठेवणार?

आज लूप. दहा चांदण्या छापायच्या होत्या, माझ्या अकरा आल्या. पाक वागियोंनी वाकून माझा पडदा बघितला. "म्बाक मुर्नी, तुम्ही शून्यापासून मोजताय आणि दहालाही आत घेताय. केबिनमध्ये असं मोजलं असतं तर एक गाडी फाटकावर चढली असती."

मला म्बाक म्हणतात, ताई. त्यांच्यापेक्षा चोवीस वर्षांनी लहान असून. बरं वाटतं.

१२ ऑगस्ट

मेथड. म्हणजे कामाला एक नाव द्यायचं, मग नाव घेतलं की काम होतं. मला पहिल्यांदाच काहीतरी चटकन कळलं. दुकानात मी हेच करते की! "पासपोर्ट" म्हटलं की पांढरा पडदा, खांदे सरळ, चार प्रती.

मधल्या सुट्टीत पाक वागियो बायकोबद्दल बोलले. सुमारनी नाव. साथीच्या वेळी गेल्या. पिशवीत बांधून नेलं, चेहरा कुणाला दाखवला नाही. सहा ऑक्टोबरला त्यांना जाऊन हजारावा दिवस. आदल्या संध्याकाळी लोक जमतील, कुराणातलं यासीन वाचतील. वाचायच्या पुस्तिका आमच्याच दुकानात छापायच्या ठरल्या. मुखपृष्ठावर फोटो लागतो.

"ओळखपत्रावरचा आहे," म्हणाले, "पण त्यात ती पोलिसासारखी दिसते. मला हसणारा हवाय."

१९ ऑगस्ट

आजचा वर्ग सगळ्यांत आवडला. फोटो म्हणजे ठिपक्यांच्या रांगा. प्रत्येक ठिपक्यात तीन आकडे, लाल, हिरवा, निळा. शून्य म्हणजे अंधार, दोनशे पंचावन्न म्हणजे पूर्ण उजेड. एक लूप रांगांचा, त्याच्या पोटात दुसरा लूप ठिपक्यांचा. प्रत्येक आकड्यात पन्नास मिळवले की फोटो उजळतो. दोनशे पंचावन्नच्या वर गेला तर तिथेच थांबवायचा.

मी माझ्या भाचीच्या लग्नातला काळपट फोटो उजळला. गालिह म्हणाला, "म्बाक मुर्नी, दुकान सोडून माझ्या जागी या."

पाक वागियो बराच वेळ माझ्या पडद्याकडे बघत राहिले. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढला, रुमालात गुंडाळलेला. "यात सुमारनीचे आहेत. तिच्या फोनमधले. स्वयंपाकघरात अंधार असायचा, म्हणून सगळे असे काळे. मी टीव्हीला लावून रोज बघतो. तुम्ही एवढे उजळून द्याल?"

फोन आता नाही. बॅटरी फुगली होती. मुलीने, अंबरने, फोटो यावर उतरवून घेतले आणि फोन भंगारात दिला.

मी म्हटलं, द्या की, एका मेथडचं काम.

२२ ऑगस्ट, मंगळवार

आज गिऱ्हाईक नव्हतं. ड्राइव्हवर त्र्याऐंशी फाइली होत्या. एकेक फोटो कशाला उघडायचा, सगळ्यांवरून एकदम लूप फिरवला. उजळायचं आणि ठेवायचं. प्रोग्रॅम बासष्टाव्या फाइलीवर अडकला, लाल अक्षरं आली. काहीतरी बदललं, पुन्हा पहिल्यापासून चालवला. पुन्हा अडकला. तिसऱ्यांदाही. मग कळलं की बासष्टावा फोटोच नव्हता, कुठलीशी पावती होती. ती वगळली. चौथ्यांदा सगळे पार झाले. मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली.

मग फोटो उघडले.

मी उजळलेला फोटो त्याच नावाने, त्याच जागी ठेवत होते. म्हणजे मूळ पुसून. आणि दर वेळी पहिल्यापासून. पहिले एकसष्ट फोटो चारदा उजळले. पन्नास चोक दोनशे. चेहरे नाहीत. कुठे केसांचा फिका डाग, कुठे कपड्याची किनार, बाकी कागदासारखं कोरं. नंतरचे एकवीस एकदाच उजळलेत, छान आलेत. त्यात मांजर आहे, कुंड्या आहेत, कुंपण आहे. बाई एकाही फोटोत नाही.

दोनशे वजा करून बघितले. उलटी मेथड लिहायला दोन मिनिटं लागली. चेहऱ्यांच्या जागी सपाट करडे ठोकळे आले. दोनशे पंचावन्नवर जाऊन थांबलेला ठिपका आधी किती होता, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं.

२३ ऑगस्ट

पांढरे झालेले एकसष्ट मी दुकानाच्या संगणकावर "जुने दर" नावाच्या फोल्डरमध्ये टाकले आणि ड्राइव्हवरून काढून टाकले. का, ते लिहिते, इथे तरी खोटं नको. कोरे फोटो बघून त्यांना कळलं असतं. नसलेल्या फोटोंवरून कळणार नाही.

२६ ऑगस्ट

सांगितलं. काय सांगितलं तेही लिहिते.

"पाक, ड्राइव्ह लावला तेव्हा एवढे एकवीसच उघडले. बाकीचे खराब झालेत. स्वस्तातल्या ड्राइव्हचं असं होतं."

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. ठरवलेलं नव्हतं.

त्यांनी खिशातला रुमाल उलगडला, ड्राइव्ह ठेवला, पुन्हा घडी घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही कशाला रडता? तुमचा काय दोष? अंबरला मी सांगितलं होतं, चांगल्यातला आण म्हणून."

माझ्या पाठीवर थोपटलं त्यांनी.

२ सप्टेंबर

वर्गाला गेले नाही. पोट बिघडलंय असा निरोप दिला.

५ सप्टेंबर, मंगळवार

दुकानात अंबर आली. पस्तिशीची असेल, उंगारानच्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर आहे, रजा टाकून आली होती. आईचं ओळखपत्र घेऊन. पुस्तिकेसाठी आता तोच फोटो.

मी म्हटलं, मोठा करून देते, कडा मऊ करते, पोलिसासारखी नाही दिसणार. ती हसली नाही.

"म्बाक, तुम्ही ड्राइव्ह लावलात तेव्हा काही आवाज आला होता का? किंवा गरम झाला होता?"

"नाही."

"म्हणजे आधीच गेला असणार. मी पिशवीत किल्ल्यांबरोबर ठेवला होता, एकदा. बापाकना सांगितलं नाही." ती काउंटरवरचं पेन हातात फिरवत होती. "एकच प्रत ठेवली. मी. एवढं साधं, दुसरीकडे उतरवून ठेवायचं."

मी म्हटलं, होतं असं कधी कधी. जाताना तिने माझ्यासाठी विंग्को ठेवले, नारळाचे छोटे केक, अजून गरम. "तुम्ही बापाकसाठी एवढा वेळ घातलात," म्हणाली.

विंग्को मालकिणीला दिले. पाक वागियोंचा विचार डोक्यातून जात नाही. सत्तरीकडे आलेला माणूस संध्याकाळी टीव्ही लावतो आणि त्याला मांजर दिसतं.

९ सप्टेंबर

आज गेले. पाक वागियोंनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. प्रोग्रॅममध्ये आता माझ्यापेक्षा पुढे गेलेत. गालिहला प्रश्न विचारून विचारून बेजार केलं.

"पोरा, फोटो वाचला, बदलला, आणि त्याच नावाने ठेवला, तर जुना कुठे जातो?"

"कुठेच नाही, पाक. जुन्यावरच नवा बसतो."

"मग जुना परत आणायला काय करायचं?"

"काही नाही. म्हणून दुसऱ्या नावाने ठेवायचं, मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"हो, सांगितलं होतंस," म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. त्यांची उजळायची मेथड माझ्यापेक्षा नेटकी आहे. मला अभिमान वाटला, खोटं कशाला.

सुट्टीत चहा घेताना म्हणाले, "मांजर आता किती स्पष्ट दिसतं. मिशासुद्धा. आधी नुसता काळा गोळा होता."

मी म्हटलं, "नवा चष्मा ना तुमचा?"

"हो. चष्मा नवा आहे," म्हणाले. साखर ढवळत बसले. उरलेला केक माझ्याकडे सरकवायचे नेहमी, आज विसरले.

२१ सप्टेंबर, गुरुवार

अंबर पुन्हा आली, पुस्तिकेचा नमुना बघायला. डोळ्यांखाली काळं झालंय. तिन्ही सुट्ट्यांना ड्राइव्ह घेऊन दुरुस्तीची दुकानं फिरली. एकाने सांगितलं, ड्राइव्ह तर ठणठणीत आहे, फाइली कुणीतरी काढल्यात.

मी नमुन्याची पानं जुळवत राहिले.

"मीच काढल्या असणार," ती म्हणाली. "आई गेली त्या आठवड्यात मी काय करत होते मला आठवत नाही, म्बाक. बाकीचं काही काढताना हात लागला असेल. बापाक म्हणतात, नंतर रोज बघत होतो. पण ते विसरतात आता."

मी नमुना पुढे केला. तिने फोटोवर बोट ठेवलं. "छान केलात. बापाक माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला वाढते, जेवतात, उठतात. हजाराव्याला तरी बोलतील."

खोटं नको म्हटलंय म्हणून लिहिते. ती गेल्यावर मला वाटलेली पहिली गोष्ट होती: सुटले. दुसरी गोष्ट वाटायला संध्याकाळ झाली.

२३ सप्टेंबर

वर्गात मन नाही. गालिहने फोटो उलटा करायला दिला, डावं उजवीकडे. माझा लूप मध्यावर थांबायला हवा होता, तो शेवटापर्यंत गेला आणि सगळं पुन्हा होतं तसंच झालं. पाक वागियो दुसऱ्या रांगेत बसले होते. म्हणाले, पंख्याचा वारा लागत नाही इथे.

३० सप्टेंबर

आज सांगितलं.

वर्ग सुटल्यावर ते सायकलचं कुलूप काढत होते. मी म्हटलं, पाक, ड्राइव्ह खराब नव्हता. आणि मग सगळं, बासष्टावी फाइल, चार वेळा, "जुने दर". मध्येच रडू यायला लागलं, पण या वेळी मी ते थांबवलं. मागच्या वेळच्या रडण्यावर त्यांनी पाठ थोपटली होती.

त्यांनी कुलूप टोपलीत टाकलं. "तीन आठवडे झाले मला कळून."

"कसं?"

"मांजराच्या मिशा. आधीचे उघडलेच नसते तर लूप तिथेच अडला असता, मग हे शेवटचे उजळ कसे होतील? उजळले म्हणजे तुमचा लूप त्यांच्यावरून गेला. त्यांच्यावरून गेला म्हणजे आधीच्यांवरूनही गेला. मी चौतीस वर्षं हेच करत होतो. गाडी ह्या फाटकातून बाहेर पडली म्हणजे त्या फाटकातून आत आली होती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

ते सायकलीच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बोललो असतो तर अंबरपुढे जावं लागलं असतं. तुम्हाला माहीत नाही मी तिला काय बोललो. म्हटलं, तुझ्या आईला दोनदा पुरलंस तू." त्यांनी ब्रेक दाबून सोडला. "ते बोलल्यावर कळलं की तिचा दोष नव्हता. मग रोज ठरवायचो, उद्या सांगू. तुम्ही आधी बोललात तर माझं सोपं होईल, म्हणून वाट बघत होतो. शहाणपणा बघा माझा."

"पाक, मला माफ करा."

"मला कशाला विचारता?" आता आवाज चढला. "माझ्याकडे काय मागता? गेले महिनाभर दुकानं कोण फिरतंय?"

पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. बावीस ऑगस्टपासून मी ह्या वहीत पाक वागियोंसाठी रडतेय. आज मागची पानं चाळली. अंबर दोनदा समोर येऊन उभी राहिली, तिच्या डोळ्यांखालचं काळं मीच लिहून ठेवलंय, आणि तरी माझा सगळा जीव टीव्हीसमोर बसलेल्या म्हाताऱ्यात.

५ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी पुस्तिका घेऊन त्यांच्या घरी गेले. शेजारच्या बायका अंगणात भाताच्या पुड्या बांधत होत्या. अंबर आत आपेम भाजत होती, तांदळाचे जाड घावन, गेलेल्यांच्या नावाने माफी मागायची म्हणून करतात ते. पाक वागियो दाराशी आले. मला म्हणाले, "मी आधी." मग आत गेले आणि मुलीच्या समोर, जमिनीवरच बसले.

त्यांनी सांगितलं की आपल्याला कळलं होतं आणि आपण गप्प राहिलो. मी सांगितलं की मी केलं, मी काढून टाकले, आणि ड्राइव्ह स्वस्तातला होता हे वाक्य माझं होतं. अंबर ऐकत होती. हातातला आपेम जळला. तिने तो खरवडून काढला, बाजूला टाकला, तव्यावर नवीन पीठ घातलं. खूप वेळ ती फक्त ते पीठ फुगताना बघत होती.

मग वडिलांना म्हणाली, "तुम्ही रोज माझ्या हातचं जेवलात."

ते उठून बाहेर गेले.

मला वाटलं आता माझी पाळी. पण तिने विचारलं, "कोरे झालेले आहेत अजून?"

मी ते आणले होते. का आणले होते, तेही सांगता यायचं नाही. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि माझ्या फोनवर पहिला फोटो उघडला. पांढरा. वरच्या कोपऱ्यात करड्या रंगाची एक वाकडी रेघ.

"हा ईदचा. मागे लाकडी खिडकी आहे. आई खाऊला हात लावू देत नव्हती." पुढचा. "हा मी काढलाय. आई म्हणत होती, अगं केस विंचरू दे." पुढचा. "हा सलातिगाचा, मावशीकडे. हे मावशीचं कापड नव्हे, आईचंच बाटिक, मावशीने मागून घेतलं आणि परत दिलं नाही."

मी विचारलं, "लिहून घेऊ?"

तिने मान हलवली. ही वही पिशवीतच होती. मी मागून पानं उलटली आणि आकडे घालायला लागले. ती सांगायची, मी लिहायचे. तिला हे फोटो उतरवून घेतानाचे आठवत होते, एकेक करून, आई गेल्याच्या त्या आठवड्यात. म्हणजे त्या आठवड्यात काय करत होती ते तिला आठवत होतं.

एका ठिकाणी हसली. चाळिसाव्याला. बापाक झोपलेत आणि आईने त्यांच्या टकलावर जास्वंद ठेवलंय. हसल्यावर मी समोर आहे हे तिच्या लक्षात आलं आणि हसू गेलं.

एकोणिसाव्याला ती अडली होती, पुढे जाऊन परत येऊ म्हणाली. शेवटी परत आलो. पूर्ण कोरा. डाग नाही, किनार नाही. तिने फोन तिरका केला, उजेडाखाली धरला, मोठा केला. मग हाक मारली, "बापाक!"

ते आले. महिनाभरानंतर तिने त्यांना हाक मारली होती, धावतच आले. तिच्या खांद्यावरून बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

"खिडकीचा?"

"खिडकीचा पहिला झाला."

"मग विहिरीवरचा?"

"विहिरीवरचा तेहेतिसावा."

दोघं एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत होते. बाहेरून कुणीतरी विचारलं, किती ताटं मांडायची.

शेवटी अंबरने फोन मला परत दिला. "बू मुर्नी, पुस्तिका अंगणातल्या टेबलावर ठेवा." आजवर म्बाक म्हणायची; बू म्हणजे नुसतं बाई, परकीला म्हणतात तसं.

साठ फोटोंची नावं ह्या वहीत आहेत. उद्या नीट अक्षरात उतरवून तिला देणार, दोन प्रती. एकोणिसाव्यासमोर मी रेघ सोडली आहे. तिथे काय होतं ते मला माहीत नाही, त्यांना आठवत नाही, आणि तो कधीच न पाहिलेली मीच एकटी, कारण पुसण्याआधी मी उघडूनच बघितला नव्हता.